गौहरबाईंवरचा आळ आणि इतर गोष्टी : प्रस्तावना

२१ डिसेंबर १९०९ ची रात्र नाशिककरांना एका पिस्तुलामुळे ठाऊक आहे. विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त नाटकाचा खेळ होता आणि अनंत कान्हेरे या तरुणाने तिथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. शाळेच्या पुस्तकात गोष्ट एवढ्यावर थांबते. त्या रात्री नाटक होते देवलांचे ‘संगीत शारदा’ आणि ते करणारी होती किर्लोस्कर नाटक मंडळी. एकवीस वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, त्या काळात या मंडळीच्या नायिका रंगवीत होते. पैशांसाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख पुरुषांनी लुगडी नेसून गायचे, आणि थिएटरभर माणसांनी डोळे पुसायचे. खऱ्या बाईला त्या रंगमंचावर पाऊल ठेवायची मुभा नव्हती.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांच्या टोळीत प्रेम, फसवणूक, दुसरे घर, मोडलेला संसार या गोष्टी कशा घडतात, त्यांची किंमत कोण मोजते आणि पुढे त्यांचा इतिहास कुणाच्या बाजूने लिहिला जातो, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय ऐकून वाचकाच्या मनात पहिल्यांदा परदेशी रॉक बँड येतील. ते स्वाभाविक आहे आणि त्यांच्याबद्दल मी पुढे बोलणारही आहे. पण मराठी मुलखात बँडच्या आधी मंडळी होती, फड होता, विद्यालय होते. रोज एका पंगतीला जेवणारी, एका डब्यातून प्रवास करणारी, रात्री एकाच सुरावर जीव टाकणारी माणसे होती. आजच्या बँडवाल्यांचे जे गुंते आपण चवीने वाचतो, ते सगळे त्यांच्यात होते. फरक इतकाच की आपण त्या माणसांना देवघरात बसवले आणि त्यांच्याभोवतीच्या बायकांना दाराबाहेर ठेवले.

नाटक मंडळी म्हणजे काय प्रकार होता, हे आधी समजून घ्यायला हवे. मंडळी हा धंदा होता, शाळा होती आणि घरही होते. मालकांची बिऱ्हाडे, पगारी नट, साजिंदे, आचारी, पडदेवाले, कपडेपटाचा माणूस अशी पन्नास-शंभर माणसे गावोगाव फिरत. मुक्काम महिना-महिना पडे. मालकाने कुणावर राग धरला तर नायकाची भूमिका हातची जाई, कुणावर लोभ जडला तर सगळ्यांच्या पगारावर त्याची सावली पडे. अशा जागी कुणाचेच प्रेम खाजगी राहत नाही. कारकुनाचे किंवा शिक्षकाचे लग्न मोडले तर एक घर मोडते. मंडळीच्या मालकाचे मोडले तर कर्जदारांपासून तबलजीपर्यंत सगळ्यांना हादरा बसतो. म्हणून या गोष्टींकडे भानगड म्हणून पाहणे मला पुरेसे वाटत नाही.

बालगंधर्वांपासूनच सुरुवात करू, कारण सगळा विषय त्यांच्या आयुष्यात एकवटला आहे. १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे दोनेक वर्षांत बाहेर पडले, बोडसही पुढे वेगळे झाले, आणि मालकी एकट्या नारायणरावांकडे आली. ‘स्वयंवर’ १९१६ चे, ‘एकच प्याला’ १९१९ चे. भास्करबुवा बखल्यांच्या चाली, अहमदजान थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी. आजही जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या की कळते, तो काळ वेडावून का गेला होता.

याच्या थोडी आधीची, किर्लोस्कर मंडळीच्या दिवसांतली एक गोष्ट प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेली असते. १२ मार्च १९११, मुंबई, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. खेळ रद्द करू असे मंडळी म्हणू लागली, पण त्यांनी नकार दिला, तोंडाला रंग लावला आणि भामिनी उभी केली. ही गोष्ट शंभर वर्षे कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जात आहे, आणि ती निष्ठा खरी होती यात मला शंका नाही. पण त्या मुलीला आईही होती. लक्ष्मीबाई राजहंस त्या रात्री कुठे होत्या, मुलीच्या अंगावर शेवटची चादर कुणी घातली, हे कुणाला विचारावेसे वाटले नाही. पुढेही त्यांच्या पदरात मृत्यू येत राहिले. तरी लक्ष्मीबाई आपल्या आठवणीत येतात त्या ‘नारायणरावांच्या सोशिक पत्नी’ म्हणून. सोशिक हा शब्द आपण अशा बाईसाठी वापरतो, जिचे म्हणणे आपल्याला ऐकायचे नसते.

आणि मग गौहरबाई. गौहर कर्नाटकी विजापूरकडच्या बिळगीच्या. ‘किस्मत’ चित्रपटातल्या गाण्यांमुळे देशभर पोहोचलेल्या अमीरबाई कर्नाटकी त्यांच्या बहीण. गौहरबाई स्वतः गायिका आणि नटी, बालगंधर्वांच्या गायकीने इतक्या भारलेल्या की त्यांच्याच ढंगात गात. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या गंधर्व मंडळीत आल्या आणि बालगंधर्वांच्या आयुष्यातही आल्या. लक्ष्मीबाई हयात होत्या. घरच्यांनी दुरावा धरला, जुने स्नेही तुटले. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर, १९५१ साली, दोघांनी लग्न केले. पुढे बालगंधर्वांचे पाय गेले आणि त्या अपंग माणसाची सेवा गौहरबाईंनी मुंबईच्या घरात वर्षानुवर्षे केली. १९६४ मध्ये त्या गेल्या, तीन वर्षांनी ते गेले.

लक्ष्मीबाईंवर अन्याय झाला, आणि तो बालगंधर्वांनी केला. हे वाक्य मराठीत सरळ लिहायला आपल्याला इतका वेळ लागला आहे, की ते मी इथे लिहून ठेवतो. कलावंत मोठा असला म्हणून बायकोशी केलेली प्रतारणा लहान होत नाही.

पण आपल्या लोकांनी काय केले? त्यांनी हा दोष उचलला आणि जसाच्या तसा गौहरबाईंच्या माथी मारला, वर मंडळी बुडवल्याचा आळही त्यांच्यावर ठेवला. ‘तिने भुलवले’, ‘तिने लुटले’, ‘तिच्या पायी गंधर्व धुळीला मिळाले’ ही वाक्ये माझ्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या बैठकीत मी इतक्या खात्रीने उच्चारलेली ऐकली आहेत, की जणू बोलणाऱ्यांनी मंडळीच्या वह्या तपासल्या होत्या. तारखा लावून पाहिल्या तर हा आळ उभा राहत नाही. गंधर्व मंडळी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीसच लाखाच्या वर कर्जात होती. खरे शालू, खरी अत्तरे, एकेका नाटकासाठी उभारलेले महागडे देखावे, आल्यागेल्याला पंगत आणि हिशेबाचा तिटकारा, हे खर्च मालकाचे होते. उत्पन्न प्रचंड होते आणि ते त्याहून प्रचंड वेगाने बाहेर जात होते. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये प्रभात या चित्रपट कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’, आणि त्यात हरिश्चंद्र होते तेच गोविंदराव टेंबे. प्रेक्षक बोलपटाकडे गेला. नायिकांच्या भूमिकांत खऱ्या स्त्रिया येऊ लागल्या आणि बालगंधर्वांचे वय पन्नाशीकडे झुकले. त्यांनी मंडळी थांबवून प्रभातशी करार केला, ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, तिथे रमले नाहीत आणि परत रंगभूमीकडे वळले. गौहरबाई आल्या त्या या पडझडीनंतर. जे आधीच कोसळले होते ते त्यांनी पाडले, असे म्हणता येत नाही.

मग आळ त्यांच्यावरच का आला? त्या मुसलमान होत्या, गाण्यावर जगणाऱ्या घरातून आल्या होत्या आणि त्यांच्या बाजूने बोलणारा इथे कुणी गणगोत नव्हता. पुण्या-नाशिकच्या पांढरपेशा प्रेक्षकाला आपल्या गंधर्वाला दोषी धरायचे नव्हते आणि रागाला वाट तर हवी होती. ती वाट एका परक्या बाईच्या दिशेने काढणे सोपे गेले. मी गौहरबाईंना देवी करायला निघालेलो नाही. दुसऱ्या बाईच्या संसारात पाऊल टाकताना त्यांना सगळे दिसत होते. त्यांनी केले त्याचा जाब त्यांना जरूर विचारावा, पण बालगंधर्वांनी केले त्याचा जाब त्यांना विचारू नये.

याच काळातली दुसरी कथा मिरज-बडोद्याची आहे आणि तिचा शेवट वेगळा झाला, म्हणून ती मला फार मोलाची वाटते. उस्ताद अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात गायला आले आणि सरदार घराण्यातल्या ताराबाई माने त्यांच्याबरोबर निघून आल्या. दोघांचा संसार झाला, पाच मुले झाली, खाँसाहेबांनी संगीत विद्यालय काढले. तिथे शिष्य-शिष्या घरातच राहत, शिकत आणि जलशांना बरोबर जात. आजच्या भाषेत सांगायचे तर एक फिरता वाद्यवृंदच. पुढे हे घर फुटले. ताराबाई पाची मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. खाँसाहेबांच्या उत्तरायुष्यात त्यांच्या शिष्या बानूबाई लाटकर त्यांच्या सोबत होत्या. पुढे त्या सरस्वतीबाई मिरजकर म्हणून गायल्या.

ताराबाईंनी मुलांची नावे बदलली. चंपाकली ही हिराबाई झाली, सकीना ही सरस्वती झाली. बापाचे आडनाव त्यांनी मुलांच्या नावात ठेवले नाही, पण बापाचे गाणे मात्र ठेवले, आणि हाच माझ्या मते या कथेचा कणा आहे. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही किराणा घराण्याची थोर नावे एका मोडलेल्या संसारातून उभी राहिली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस या भावंडांची स्वतःची नाटक मंडळी निघाली आणि हिराबाई स्त्री म्हणून स्त्रीची भूमिका करू लागल्या. लक्ष्मीबाईंपाशी मंडळीतला काहीच वाटा नव्हता. ताराबाईंनी मुलांच्या गळ्याच्या रूपाने तो उचलून नेला. दोघींच्या नशिबातला फरक स्वभावाचा असेलही, पण मोठा फरक होता तो हाती काय होते याचा.

नाशिकहून पुण्याला जाताना संगमनेरच्या पुढे हिवरगाव पावसा लागते. ते पवळाबाईंचे गाव. महार समाजातली ही मुलगी तमाशात उभी राहिली आणि तिच्या रूपाने व गळ्याने मुलूख वेडा झाला. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, लावणीच्या नादाने घरदार, जात आणि वतन सोडून पठ्ठे बापूराव झाले. पवळा आणि बापूराव ही जोडी फडावर जमली ती तशी पुन्हा कुणाची जमली नाही. त्यांच्या प्रेमाची, ताटातुटीची आणि वेगळे झाल्यावर दोघांच्याही झालेल्या वाताहतीची गोष्ट तमाशाच्या दुनियेत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते.

इथे एक गोष्ट मंडळीपेक्षा उलटी आहे. मंडळीत बाई रंगमंचावर नसे. फडात बाईवाचून खेळच नसे. तिकीट पवळाच्या नावावर खपे. तरी लावण्या बापूरावांच्या नावावर राहिल्या, फड बापूरावांचा म्हणवला गेला, आणि ब्राह्मणाने जात सोडली याचे नवल लोकांनी जितके केले तितके नवल, एका महार मुलीने आपल्या हिमतीवर एवढा फड पेलला याचे कुणी केले नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी तमाशाच्या पैशातून आलेली देणगी नाकारल्याची आठवण आंबेडकरी परंपरेत सांगितली जाते. आपल्या समाजाच्या मुली नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, असा तिचा आशय आहे. बापूराव-पवळाच्या प्रेमकथेवर भाळणाऱ्या प्रत्येकाने ती आठवण शेजारी ठेवून ही कथा वाचावी. प्रेम खरे होते असे मानले तरी त्या प्रेमाखालची जमीन सपाट नव्हती.

बोलपटांच्या कंपन्यांनी या गुंत्यावर कराराचा उपाय करून पाहिला. प्रभातच्या भागीदारांनी नटींशी संबंध ठेवायचे नाहीत असे आपसांत ठरवले होते, असे सांगतात. भागीदारांपैकी केशवराव धायबर नटी नलिनी तर्खड यांच्याशी लग्न केल्यावर प्रभातमधून बाहेर पडले. दुसरे भागीदार शांतारामबापूंनी १९४१ साली नटी जयश्रीबाईंशी विवाह केला आणि पुढल्याच वर्षी प्रभात सोडून राजकमल काढले. नियम मोडणाऱ्याला किमान आपला वाटा सोडून जावे लागे, ही त्या काळासाठी मोठी गोष्ट. मात्र नियम भागीदारांचा होता, भागीदार सगळे पुरुष होते, आणि बापूंच्या पहिल्या पत्नी विमलाबाईंना त्या कागदाने काही दिले नाही.

आणि नाशिकला परत यायचे तर वसंत कानेटकरांना ओलांडून जाता येत नाही. इथल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिले, ‘अश्रूंची झाली फुले’ लिहिले, आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नावाचा नट शिट्ट्यांच्या पावसात महाराष्ट्राचा लाडका झाला. घाणेकरांचे पहिले लग्न, सुलोचनाबाईंच्या कन्या कांचन यांच्याशी जडलेले प्रेम, दारू आणि १९८६ मध्ये अमरावतीच्या दौऱ्यात आलेला मृत्यू हे सगळे ‘नाथ हा माझा’ या पुस्तकातून घरोघर पोहोचले. कांचनताईंनी स्वतः लेखणी उचलली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नटी हंसा वाडकरांनी १९७० मध्ये ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथेतून हेच अधिक परखडपणे केले होते: नवरा, प्रियकर, दारू, लेकीची ताटातूट, काही झाकले नाही. टेंबे आणि बोडस यांची आत्मचरित्रे वाचून मंडळीचा कारभार कळतो. मंडळीतले आयुष्य अंगावर घेणे कसे असते, ते कळायला हंसाबाईंकडेच जावे लागते.

आता परदेशी बँडकडे. १९७६ मध्ये फ्लीटवुड मॅक हा बँड ‘रुमर्स’ ही तबकडी ध्वनिमुद्रित करीत होता, तेव्हा त्यातली दोन जोडपी एकाच वेळी फुटत होती: जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही यांचे लग्न, स्टीव्ही निक्स आणि लिंडसे बकिंगहॅम यांचे जुने प्रेम. ढोलवाल्या मिक फ्लीटवुडचाही संसार मोडत होता आणि थोड्याच काळात त्याचे व स्टीव्हीचे संबंध जुळले. पाचही जण रोज एका खोलीत बसून एकमेकांवरची गाणी एकमेकांना साथ देत वाजवत होते. १९७७ मध्ये तबकडी आली आणि कोट्यवधी प्रती खपल्या. स्वीडनच्या आबामध्येही दोन जोडपी होती, दोन्ही फुटली, आणि १९८० साली ब्यॉर्नने घटस्फोटाच्या दुःखावर लिहिलेले गाणे त्याच्याच घटस्फोटित पत्नीने, ॲग्नेथाने, जगापुढे गायले.

दोन्ही गोष्टी आपल्याकडे निव्वळ नवल म्हणून सांगितल्या जातात. मला त्यातला व्यवहार दिसतो. स्टीव्ही निक्स आणि क्रिस्टीन मॅकव्ही स्वतःची गाणी स्वतः लिहीत. स्टीव्हीचे ‘ड्रीम्स’ १९७७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्या गाण्याचे मानधन तिला मिळत राहिले. तिला सोडणाऱ्याला, तिने सोडलेल्याला, ती आपल्या गाण्यातून उत्तर देऊ शकत होती, आणि ते उत्तर तिच्या नावावर नोंदलेले होते. ॲग्नेथाच्या बाबतीत शब्द नवऱ्याचे होते, म्हणून ते गाणे ऐकताना मला तिच्याबद्दल अधिक वाईट वाटते. पवळाबाईंच्या तोंडी बापूरावांचे शब्द होते. गौहरबाईंच्या गळ्यात बालगंधर्वांचा ढंग होता. लक्ष्मीबाईंपाशी दोन्ही नव्हते. विश्वासघात सगळीकडे सारखाच दुखतो, पण ज्या बाईपाशी स्वतःचे गाणे आणि त्याची मालकी असते तिला दुखऱ्या जागेवर बोट ठेवून बोलता येते. या पुस्तकातली प्रत्येक कथा मी या एका कसोटीवर वाचली आणि वाचकानेही तशी वाचावी असे मला वाटते.

आज नाशिकमध्येही मुलामुलींचे बँड आहेत. कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या गच्चीवर तालमी चालतात, महाविद्यालयांच्या संमेलनांत वाजवतात, त्यांच्यात प्रेमे जुळतात आणि तुटतात. त्यांना उपदेश करायचा या पुस्तकाचा हेतू नाही. एवढेच सांगावेसे वाटते की गाणे कुणाचे, चाल कुणाची आणि पैसा कसा वाटायचा, हे जमले आहे तेव्हाच कागदावर लिहून ठेवा. नाते तुटल्यावर ते कुणी नीट लिहीत नाही, आणि तेव्हा तोटा सहसा मुलीलाच होतो.

वाचकांना शेवटी एक विनंती. नाटक मंडळ्यांचे मुक्काम आपल्या गावांत पडले, साजिंदे आपल्या वाड्यांत उतरले, नटांची पत्रे आपल्या आजी-पणजींना आली. जुने वाडे आता भराभर पडत आहेत आणि ट्रंकांतले कागद रद्दीत जात आहेत. अशा कागदांत एखाद्या नटाच्या बायकोचे पत्र, एखाद्या गाणारणीची पावती, फडावरच्या बाईचे छायाचित्र सापडले तर ते लाजेने फाडू नका. नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे, तुमच्या गावीही एखादे असेल. तिथे नेऊन द्या, आणि पत्रावर नाव असेल तर ते खोडू नका.